दिव्यांची वाट वेगळी, घराची वाट वेगळी

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. सकाळी दुकानाचं शटर वर केलं नव्हतं तोच चिपळूणहून आपाचा फोन आला. आपा माझी थोरली बहीण. आवाज बसलेला. म्हणाली, "तुझ्या भाच्याला एकदा विचार, आईशी दोन शब्द बोलायला त्याला जड का जातंय. आठ दिवस झाले, सलाम होतो न होतो तोच फोन बंद पडतो. नको असेल बोलायचं तर तसं सांगावं त्याने."

भाचा वर्षभरापूर्वी नोकरीसाठी अमेरिकेत, न्यू जर्सीला गेला. एका निवृत्त इलेक्ट्रिशियनच्या घरात तळघरातली खोली भाड्याने घेऊन राहतो. भाड्यातच वायफाय आहे. हिवाळ्यात त्याच्याकडे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवसाची पहाट असते, साडेचारची. आपा तहज्जुदला उठलेलीच असते, तो कामावरून परतलेला असतो. मायलेकरांना सोयीची वेळ ही एवढीच. महिनोन्‌महिने हा नेम बिनचूक चालला आणि डिसेंबर लागताच बिघडला. मुलाचा चेहरा दिसायचा, मध्येच थिजायचा, आवाज तुटायचा आणि पडदा काळा व्हायचा. आईला त्यात नेटवर्क दिसत नाही. मूल टाळतंय, एवढंच तिला दिसतं.

मी भाच्याला फोन लावला.

"मामू, नेटच जातं हो. सकाळी तपासलं तर एकदम सुसाट असतं."

"रोज किती वाजता जातं?"

"सहा वाजले की. रात्री दहापर्यंत असंच. दहानंतर पुन्हा ठीक."

नेट जातं तेव्हा घड्याळ बघून जात नाही. ठरल्या वेळी जातं आणि ठरल्या वेळी येतं, याचा अर्थ त्या घरात त्या वेळी काहीतरी सुरू होतं. मी विचारलं, "सहाला तिथे काय सुरू होतं?"

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "सहाला? सहाला दिवे लागतात, मामू."

गाण्यावर नाचणारे दिवे

अमेरिकेत नाताळच्या दिवसांत घरावर विजेचे दिवे लावण्याची रीत जुनी आहे. एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी १८८२ साली न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी नाताळच्या झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे ८० विजेचे दिवे लावले. पुढे सव्वाशे वर्षांत दिवे झाडावरून छपरावर, छपरावरून अंगणात आले. २००५ साली ओहायो राज्यातल्या एका घराचा व्हिडिओ इंटरनेटवर फिरला. कार्सन विल्यम्स या इंजिनियरने १६,००० दिवे संगणकाच्या ८८ वाहिन्यांना जोडून एका गाण्याच्या तालावर नाचवले होते. तो पाहून हजारो लोकांना ते वेड लागलं.

आता तर एकेक दिवा स्वतंत्र चालवता येतो. पूर्वी माळ पेटायची ती सगळी एकदम आणि विझायची तीही एकदम. आता त्याच माळेतला सातवा दिवा हिरवा, आठवा निळा आणि नववा बंद ठेवता येतो. 'एक्सलाइट्स' नावाचा मोफत प्रोग्रॅम मिळतो, त्यात गाण्याच्या कोणत्या क्षणाला कोणता दिवा कोणत्या रंगाचा हे बसवतात. 'फाल्कन प्लेअर' नावाचा दुसरा मोफत प्रोग्रॅम ताडपत्रीखाली किंवा गॅरेजमध्ये ठेवलेल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर तो खेळ रोज ठरल्या वेळी लावतो. गाणं अगदी कमी शक्तीच्या एफएम ट्रान्समीटरवरून सोडतात, म्हणजे रस्त्यावर गाडी लावून बसलेल्या लोकांना ते गाडीच्या रेडिओवर ऐकू येतं आणि शेजाऱ्यांची झोपमोड होत नाही.

आपल्याकडे लग्नाच्या मांडवावर किंवा कमानीवर असे पळते दिवे असतात. पण त्यांच्या डब्यात बहुतेक वेळा मेमरी कार्ड घातलेलं असतं आणि त्यावर भरलेली नक्षी फिरून फिरून चालते. त्याचा घरच्या इंटरनेटशी संबंध नसतो. अमेरिकेतल्या हौशी माणसाचे डबे, म्हणजे कंट्रोलर, नेटवर्कच्या केबलने जोडलेले असतात. आणि ती केबल बऱ्याच घरांत सरळ घरातल्या राउटरमध्येच खोचलेली असते. भाच्याच्या घरमालकांनी हेच केलं होतं.

सेकंदाला बारा लाख आकडे

त्यांच्या घरावर या वर्षी दहा हजार दिवे होते. आधीच्या वर्षीपेक्षा कितीतरी जास्त, कारण निवृत्तीनंतर वेळ भरपूर मिळाला आणि नवे कंट्रोलर आले. आता हिशेब करून बघू.

प्रत्येक दिव्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन रंग. प्रत्येक रंग किती उजळ, याचा एक आकडा. म्हणजे १०,००० दिव्यांना ३०,००० आकडे. हालचाल सलग दिसावी म्हणून हे सगळे आकडे सेकंदाला ४० वेळा नव्याने पाठवतात. झाले सेकंदाला बारा लाख आकडे.

ते पाठवायची जी पद्धत या छंदात खूप चालते तिचं नाव ई १.३१. ती मुळात नाटकाच्या रंगमंचावरच्या दिव्यांच्या पद्धतीवरून आली. तीत एका पुडक्यात ५१२ आकडे मावतात, म्हणजे १७० दिवे. या पुडक्याला ते लोक 'युनिव्हर्स' म्हणतात. दहा हजार दिव्यांना अशी ५९ पुडकी लागतात आणि सेकंदाला ४० फेऱ्या म्हणजे २,३६० पुडकी. नेटवर्कच्या मापात हा भार सेकंदाला बारा-तेरा मेगाबिट होतो.

आता कोणी म्हणेल, हल्ली शंभर मेगाबिटची जोडणी घरोघर असते, त्यात बारा मेगाबिटने काय बिघडतं? केबलमध्ये काहीच बिघडत नाही. दिवे तर छान नाचत होते. घरमालक रोज सहा वाजता अंगणात खुर्ची टाकून येणाऱ्या गाड्यांना हात करत बसायचे. आतलं वायफाय अडलंय हे त्यांना कळायला मार्गच नव्हता.

खोच निराळीच आहे. पुडकी पाठवायच्या दोन तऱ्हा आहेत. एक टपालासारखी: पाकिटावर पत्ता, पोस्टमन त्याच घरी देणार. तिला युनिकास्ट म्हणतात. दुसरी दवंडीसारखी: चौकात उभं राहून पुकारायचं, ज्याला गरज असेल तो ऐकेल. तिला मल्टिकास्ट म्हणतात. ई १.३१ दोन्ही तऱ्हांनी चालते. दवंडीत प्रत्येक कंट्रोलरचा पत्ता लिहीत बसावं लागत नाही, म्हणून बरेच जण तीच ठेवतात.

राउटर साधा असेल तर त्याला दवंडी कोणाला हवी आहे हे ठाऊक नसतं. तो ती प्रत्येक केबलवर ऐकवतो आणि वायफायवरही ऐकवतो. केबलवर ती वेगात जाते. वायफायवर मात्र नियम वेगळा आहे. तिथे दवंडी सहसा सगळ्यांत कमी वेगात सांगितली जाते, म्हणजे सर्वांत लांबच्या आणि सर्वांत जुन्या यंत्रालाही ती कळावी. वर्गात शुद्धलेखन घालताना गुरुजी सर्वांत हळू लिहिणाऱ्या मुलाच्या चालीने सांगतात, तसंच. हा कमीत कमी वेग अनेक राउटरवर सहा मेगाबिट असतो, जुन्यांवर तर एकच.

आता बारा मेगाबिटचा माल सहा मेगाबिटच्या वाटेने निघाला. शिवाय वायफायची हवा सगळ्यांत मिळून एकच. एक बोलत असेल तेव्हा बाकीच्यांनी थांबायचं. दिव्यांची दवंडी संध्याकाळी सहा ते रात्री दहा क्षणभरही थांबत नव्हती. भाच्याचा आवाज चिपळूणला पोहोचणार कुठून?

आता सांगायचं कसं?

कारण कळलं, पण भाचा पुढे सरेना. "मामू, मी भाडेकरू. त्यात सण त्यांचा. तुमच्या नाताळच्या दिव्यांचा मला त्रास होतो असं मी जाऊन म्हणालो, तर ते काय समजतील?"

त्याची भीती खोटी नव्हती. परक्या देशात राहणाऱ्या, आपल्या नावावरूनच ओळखल्या जाणाऱ्या मुलाने असं बोलायचं म्हणजे शब्द तोलावा लागतो. गेले आठ दिवस तो आईचे टोमणे ऐकत होता ते त्यामुळेच. त्याला कारणाचा अंदाज नव्हता असं नाही. विचारायचं धाडस नव्हतं.

मी म्हटलं, "दिव्यांबद्दल काहीच बोलू नकोस. त्यांना सांग, सहा वाजता माझा आईशी फोन लागत नाही, तुम्ही इलेक्ट्रिशियन आहात, जरा शोधून द्याल का? आणि शोधायची रीत मी सांगतो ती त्यांना सांग."

रीत सोपी होती. खेळ चालू असताना आणि भाचा आईशी फोनवर असताना, दिव्यांकडे जाणारी केबल राउटरमधून दोन मिनिटं काढायची. मग परत लावायची. अंदाजावर कोणालाही दोष देऊ नये. आधी ताडून बघावं.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला त्यांनी केबल काढली. दिवे जागच्या जागी थिजले आणि आपाच्या मोबाइलवर मुलाचा चेहरा लख्ख दिसला. केबल परत लावली. दिवे नाचू लागले, चेहरा थिजला. घरमालक म्हातारे कपाळाला हात लावून उभे राहिले. तेवढ्यात त्यांच्या पत्नी बाहेर आल्या. त्यांच्या टॅबलेटवरची मालिका महिनाभर रोज संध्याकाळी अडकत होती आणि त्यांनी इंटरनेट कंपनीला दोनदा फोन करून खडसावलं होतं.

वाट वेगळी केली ती अशी

त्या रात्रीपुरता उपाय दहा मिनिटांत झाला. प्रोग्रॅममध्ये प्रत्येक कंट्रोलरचा पत्ता घालून दवंडीची तऱ्हा बदलून टपालाची केली. आता पुडकी ज्याची त्याच्या केबलवर जाऊ लागली, वायफायवर शिरेनाशी झाली. ज्याला जास्त काही करायचं नाही त्याने एवढं केलं तरी पुष्कळ फरक पडतो.

पण पक्का उपाय म्हणजे दिव्यांची वाटच घरापासून वेगळी करणं. तो त्यांनी रविवारी केला. भाच्याने शिडी धरली.

गॅरेजमध्ये एक छोटा स्विच बसवला. स्विच म्हणजे नेटवर्कच्या केबली एकत्र जोडायचा डबा, महाग नसतो. सगळ्या कंट्रोलरच्या केबली त्यात आणल्या. खेळ चालवणाऱ्या रास्पबेरी पायला दोन तोंडं असतात, एक केबलचं आणि एक वायफायचं. केबलचं तोंड या स्विचकडे केलं, वायफायचं घराकडे. आणि स्विचपासून राउटरकडे जाणारी जुनी केबल काढून टाकली. आता दिव्यांची सगळी पुडकी गॅरेजमध्येच जन्मतात आणि तिथेच संपतात. घराच्या वायफायवरून त्या छोट्या संगणकाला फक्त अधूनमधून हुकूम जातात: सुरू कर, बंद कर, हे गाणं लाव. त्यांचा भार नगण्य.

यात तीन ठिकाणी लोक चुकतात, म्हणून नीट सांगतो.

पहिली चूक, दोन्ही बाजूंना एकाच मालिकेतले पत्ते देणं. घराचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होत असतील तर दिव्यांचे १९२.१६८.५० सारखे वेगळे हवेत. दोन्हीकडे एकच मालिका असेल तर कोणतं पुडकं कोणत्या दाराने बाहेर काढायचं हे संगणकाला कळत नाही.

दुसरी चूक, दिव्यांच्या बाजूला 'गेटवे'चा रकाना भरणं. गेटवे म्हणजे बाहेरच्या जगाचं दार. ते फक्त घराच्या बाजूला आहे. दिव्यांच्या बाजूचा रकाना मोकळाच ठेवायचा, नाहीतर संगणक इंटरनेट शोधायला बंद गल्लीत शिरतो.

तिसरी चूक सगळ्यांत जास्त होते. कंट्रोलरचं पान घरात बसून बघता यावं म्हणून 'एवढी एकच केबल' स्विचपासून राउटरला परत जोडणं. त्या एका केबलने केलेलं सगळं पाण्यात जातं. फाल्कन प्लेअरमध्ये मधला माणूस बनून ती पानं घराकडे दाखवायची सोय आहे, ती वापरावी.

काही जण भारी स्विच घेऊन एकाच डब्यात व्हीलॅन करतात. एकाच रस्त्यावर पट्टे मारून दोन वाटा आखल्यासारखं ते असतं. चांगलं चालतं, पण पट्टे नीट आखता आले पाहिजेत. अशा स्विचमध्ये 'आयजीएमपी स्नूपिंग' नावाची सोयही असते. कोणाला दवंडी ऐकायची आहे हे तो टिपून ठेवतो आणि बाकीच्यांना ऐकवत नाही. फक्त 'अजून ऐकताय ना?' असं अधूनमधून विचारणारा कोणीतरी त्या नेटवर्कवर लागतो. तो नसेल तर बऱ्याच स्विचवर यादी जुनी होऊन पुसली जाते आणि खेळ सुरू झाल्यावर काही मिनिटांत दिवे अचानक बंद पडतात. माणूस तारा तपासत रात्र घालवतो आणि तारेत काहीच नसतं.

दुसरं कारण: भिंतीबाहेरची केबल

घरमालकांना एक गोष्ट मात्र आधी पटत नव्हती. "गर्दी टपालाच्या तऱ्हेने गेलीच, मग वेगळी वाट कशाला?"

त्याचं कारण सुरक्षितता. दिव्यांचे कंट्रोलर अंगणात असतात. त्यांच्या केबली भिंतीबाहेर, कुंपणाजवळ. त्यातली एक केबल कोणी काढून आपल्या लॅपटॉपला लावली आणि ती सरळ घराच्या राउटरला जात असेल, तर तो माणूस दार न ठोठावता घरात आला. घरातले संगणक, त्यांवरची बँकेची कागदं, मुलांचे फोटो, सगळं त्याच वाटेवर असतं. शिवाय बऱ्याच कंट्रोलरना पासवर्डच नसतो. ते दिवे लावायला बनलेत, पहारा द्यायला नाही.

ही नुसती भीती नाही. २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातले लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले. त्याने फार हुशारी केली नव्हती. कारखान्यातून आलेले साठेक ठरावीक पासवर्ड त्याच्याजवळ होते, तेच तो एकेका यंत्रावर घालून बघत होता. मालकांनी ते बदललेच नव्हते. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी या ताब्यातल्या यंत्रांनी अमेरिकेतल्या 'डिन' या कंपनीवर एकदम मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या मोठ्या सेवा काही तास कोलमडल्या. ज्यांच्या घरच्या कॅमेऱ्याने हे पाप केलं त्यांना पत्ताही नव्हता.

आपल्या घरात काय करायचं?

आता वाचक म्हणतील, आमच्या छपरावर कुठे दहा हजार दिवे आहेत? खरंय. पण मोबाइलवरून लागणारा बल्ब, दारावरचा कॅमेरा, पाळण्याशेजारचा कॅमेरा, स्मार्ट प्लग, टीव्हीचा बॉक्स, यातलं काही ना काही बहुतेक घरांत आलं आहे. माझ्या दुकानात येणाऱ्या दर चार-पाच राउटरमागे एकावर तरी कारखान्याचाच पासवर्ड असतो. आणि त्याच वायफायवर अब्बांचं पेन्शनचं खातं, मुलीची ऑनलाइन परीक्षा आणि दुकानाचा हिशेब.

आपला उपाय अमेरिकेतल्यापेक्षा सोपा आहे. पुष्कळ राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' म्हणजे पाहुण्यांचं वायफाय ही सोय असते. दिवाणखाना आणि आतलं घर जसं वेगळं, तसं. पाहुण्याला पाणी मिळतं, चहा मिळतो, पण तो कपाट उघडत नाही. या वस्तूंना पाहुण्यांच्या वायफायवर बसवायचं.

१. राउटरच्या मागच्या चिठ्ठीवर त्याचा पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१. तो मोबाइलच्या ब्राउझरमध्ये घाला. आत गेल्यावर सर्वांत आधी राउटरचा स्वतःचा पासवर्ड बदला. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि हा वेगळा.

२. गेस्ट नेटवर्क सुरू करा. नाव वेगळं, पासवर्ड वेगळा आणि लांब. 'पाहुण्यांना घरातली इतर यंत्रं दिसू द्या' अशा अर्थाचा पर्याय असेल तर तो बंद ठेवा.

३. बल्ब, प्लग आणि कॅमेरे या नव्या नावावर जोडा. पुष्कळ बल्बना २.४ गिगाहर्ट्झचंच वायफाय चालतं, म्हणून पाहुण्यांचं वायफाय तेच ठेवा. बहुतेक बल्बची अ‍ॅप इंटरनेटवरून काम करतात, त्यामुळे मोबाइल आतल्या वायफायवर असला तरी बल्ब लागतो.

४. मोबाइल, लॅपटॉप आणि प्रिंटर आतच ठेवा. मोबाइलवरचं चित्र टीव्हीवर टाकायची सवय असेल तर टीव्हीही आतच लागेल, कारण पाहुण्यांच्या वायफायवरून तो मोबाइलला दिसणार नाही.

५. प्रत्येक कॅमेऱ्याचा आणि रेकॉर्डरचा कारखान्याचा पासवर्ड आजच बदला. बाकी काही केलं नाही तरी एवढं नक्की करा.

राउटरमध्ये ही सोय नसेल आणि घरात जुना राउटर पडून असेल, तर तो पहिल्याला जोडून दुसरी वाट करता येते. केबल जुन्याच्या इंटरनेटच्या भोकात खोचायची, बाकीच्या चार भोकांत नाही. पण इथे माणसं हमखास उलटं करतात. कॅमेरे जुन्या राउटरवर आणि मोबाइल पहिल्यावर ठेवतात. ते चूक आहे. आतल्या राउटरवरचं यंत्र बाहेरच्या राउटरवरच्या यंत्रांपर्यंत पोहोचू शकतं, बाहेरच्याला मात्र सहसा आत जाता येत नाही. म्हणून मोबाइल, लॅपटॉप आत, म्हणजे दुसऱ्या राउटरवर. कॅमेरे, बल्ब बाहेर, म्हणजे पहिल्यावर. घराचा उंबरठा कोणत्या बाजूला आहे हे एकदा ध्यानात आलं की चुकायचं नाही.

आणि ठरल्या वेळी नेट अडकत असेल तर कंपनीला फोन करायच्या आधी ती वेळ वहीत लिहा. त्या वेळी घरात काय सुरू होतं ते बघा. कॅमेऱ्याची साठवण, मुलाच्या गेमचं अपडेट, मोबाइलचे फोटो वर चढवणं, काहीतरी सापडेल. मग ती वस्तू दोन मिनिटं बंद करून ताडून बघा.

साडेचारची वेळ

त्या रविवारनंतर आपाचा फोन आला नाही. मीच दोन दिवसांनी लावला. म्हणाली, "काल चाळीस मिनिटं बोलला. बाहेर नेऊन मला दिवे दाखवले. त्या म्हाताऱ्यांनीही हात केला. मी विचारलं, विजेचं बिल किती येतं रे? तर म्हणे एलईडी आहेत, शिवाय उजेड तीस टक्क्यांवरच ठेवतात."

मग थोडी थांबली. "उगाच बोलले रे मी त्याला. आठ दिवस पोरगं ऐकून घेत होतं."

मी काय बोलणार? दोष एका केबलचा होता. ती वेळेवर शोधली नसती तर आईच्या मनात मुलगा दोषी ठरला असता आणि मुलाच्या मनात घरमालक. तिघंही भली माणसं. यंत्रं घरात येतात तेव्हा त्यांची वाट आपण आखून द्यायची असते. नाही आखली तर ती माणसांच्या वाटेवर येऊन बसतात.

पुढच्या डिसेंबरात दिवे बारा हजार करायचे, असं घरमालकांनी ठरवलं आहे. भाच्याने आतापासून शिडी धरायचं कबूल केलं आहे.